हलके बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. ज्याचा ठावठिकाणा पक्का नाही, ज्याच्या संसाराला दोन गाठोडी पुरतात, अशा माणसाला उद्देशून ही म्हण योजली जाते आणि तीत थोडी कीव व थोडी थट्टा मिसळलेली असते. काही वर्षांच्या अंतराने बदलीचे पत्र हाती पडणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना ती चांगलीच परिचयाची आहे. परंतु बिऱ्हाड खरोखरच पाठीवर घ्यावयाचे झाले तर ते किती वजनाचे असावे, हा प्रश्न आमच्यापुढे पन्नाशी उलटल्यावर प्रथमच उभा राहिला. तो आमच्या धर्मग्रामातील युवक मंडळाने उभा केला.

खानदेशातील आमचे धर्मग्राम लहानसे आहे. कोणी रेल्वेत, कोणी शाळेत, कोणी इस्पितळात कामाला, तर काही कुटुंबे शेतमजुरीवर जगणारी. नाताळचा सण आटोपला की युवकांचे तीन दिवसांचे शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी भरवण्याची येथील जुनी प्रथा आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मंडळाची मुले आमच्याकडे आली आणि त्यांच्या म्होरक्याने विषय काढला, "फादर, यंदा नवे तंबू घेऊ या. हलके. पाठीवर नेता येतील असे."

मंडळापाशी तीस हजार रुपये जमले होते. धर्मग्रामातील मातांनी उन्हाळाभर पापड, कुरडया आणि ज्वारीचे बिबडे करून विकले होते. त्यातून ही रक्कम उभी राहिली होती. खानदेशच्या मे महिन्यात, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीवर बिबडे घालणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या रकमेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खजिनदाराच्या आईने आम्हाला निरोप धाडला होता, "हे पोळपाटावरचे पैसे आहेत, फादर. बघून खर्च करा."

तोवर शिबिरासाठी एक जुनी राहुटी होती. जाड सुती कापडाची, दोन लाकडी खांबांची, बारा माणसे सहज सामावतील एवढी. तिच्याविषयी आमच्या मनात आदर आहे. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतील छिद्रे आपोआप मिटतात आणि पाणी आत झिरपत नाही. ऊन पडले की तेच कापड पुन्हा मोकळे होऊन श्वास घेऊ लागते. दिवसा तिच्यात गुदमरल्यासारखे होत नाही, रात्री ऊब राहते. परंतु मुलांनी एके दिवशी ती कापूस मोजण्याच्या काट्यावर नेऊन ठेवली, तेव्हा खांब-खुंट्यांसह पंचेचाळीस किलो भरली. पावसात भिजल्यावर तिचे वजन किती होत असेल, हे मोजण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही.

पंचेचाळीस किलोंचे गाठोडे डोंगरावर कोण नेणार? म्हणून ते टेंपोतून जाई, आणि टेंपो जेथवर जाईल तेथेच शिबिराचा तळ पडे. सकाळी लवकर निघून डोंगर चढावयाचा आणि अंधार पडण्यापूर्वी खाली परतावयाचे, असा क्रम ठरलेला. मुलांपैकी एकाचा पाय लहानपणापासून अधू आहे. एका दिवसात चढून उतरणे त्याला झेपत नाही, म्हणून दर वर्षी तो तळावरच थांबे. "सामान राखायला कोणीतरी हवंच ना, फादर," असे तो हसत म्हणे. त्याने कधी तक्रार केली नाही. तंबूचा विषय काढणाऱ्या म्होरक्याने मात्र निघताना दारात थांबून एक वाक्य जोडले, "तंबू वर नेता आले तर वाट दोन दिवसांत वाटून घेता येईल. मग तोही येईल."

त्या एका वाक्याने खरेदीचा सारा विचार बदलला. तंबू हलका हवा तो आपल्या सोयीसाठी की कोणाला तरी सोबत घेता यावे म्हणून, हा भेद वरवर किरकोळ वाटतो. पण वस्तू निवडताना तो पावलोपावली आडवा येतो, हे पुढे आमच्या ध्यानात आले.

प्रथम आम्ही मुलांना कागद-पेन्सिल घेऊन बसवले आणि हिशेब मांडला. पाठीवरचे ओझे माणसाच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावे, असा पदभ्रमण करणाऱ्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. आमची मुले सरासरी पन्नास किलोंची. म्हणजे दहा किलो ही मर्यादा झाली. त्यात पाणी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. तीन दिवसांचा शिधा दोन किलो. अंथरूण-पांघरूण आणि कपडे दोन किलो. रिकामी पिशवी एक किलो. एकूण आठ. उरले दोन किलो. त्या दोन किलोंत डोक्यावरचे छप्पर आले पाहिजे आणि दुसऱ्याच्या ओझ्यातला काही वाटाही आला पाहिजे.

येथे खानदेशची एक गोष्ट सांगावयास हवी. सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा हिमालयात वाटेत झरे भेटतात, किल्ल्यांवर टाकी असतात. आमच्याकडे पाऊस वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर आणि तोही बहुतेक चार महिन्यांतच उरकलेला. डिसेंबर संपता संपता सातपुड्यातील पुष्कळसे नाले कोरडे पडलेले असतात. पाणी बरोबर न्यावेच लागते, आणि पाणी काही हलके करता येत नाही. एक लिटर पाणी एक किलोच भरते. शिधाही फारसा हलका करता येत नाही. हलके करता येण्याजोगे जे काही आहे ते छप्परच. म्हणून आमच्या भागात हलका तंबू ही हौशी माणसाची चैन नव्हे.

छपराचे वजन हा प्रश्न काही आजचा नाही. ज्यांच्यापाशी वाहून नेणारे इतर आहेत, त्यांना तो कधी पडला नाही, इतकेच. फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य १६६४-६५ साली औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर काश्मीरकडे गेला होता. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम, तर दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच जाऊन उभा. हे डेरेदांडे वाहण्यास साठांहून अधिक हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरे आणि शंभर हमाल लागत, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. याच्या नेमके उलट शिवछत्रपतींचे घोडदळ. थोडक्या सामानानिशी दौडणे हीच त्याची ताकद होती. पुढे १७६१ साली पानिपतावर लढलेल्या मराठी सैन्याबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे यांचा केवढा लोंढा होता व त्याचा भार सैन्याला कसा भोवला, हे आपण शाळेतच शिकलो आहोत. जडपणा हा थाट वाटतो खरा, परंतु मुक्काम हलवण्याची वेळ आली की तोच बेडी होतो.

पाठीवर नेण्याचा तंबू ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. एडवर्ड व्हिंपर हा इंग्रज गिर्यारोहक, मॅटरहॉर्न शिखरावर १८६५ साली प्रथम पोहोचणाऱ्यांपैकी एक. त्याने १८६१ मध्ये एक तंबू नेला होता. लंडनमध्ये उभा केला तेव्हा तो मोठा देखणा दिसला. आल्प्सच्या वाऱ्यात मात्र त्याच्या खुंट्या टिकेनात, पडदे आवरेनात, आणि तो उडून जाऊ नये म्हणून व्हिंपर व त्याचे साथीदार शेवटी तंबू पाडून त्याच्यावरच बसले. पुढल्या वर्षी त्याने स्वतः नवा तंबू बेतला. त्याचे खांब टोकांशी एकमेकांना छेदणारे होते आणि वजन सुमारे दहा किलो. त्याची घडण पुढे अनेक वर्षे गिर्यारोहकांनी वापरली. त्यानंतर मुमरी नावाच्या गिर्यारोहकाने बर्फाच्या कुऱ्हाडींनाच खांब बनवून दोन किलोंच्याही आत बसणारा तंबू केला. हा मुमरी १८९५ साली नंगा पर्वतावर नाहीसा झाला. त्याच्या नावाचा तंबू मात्र मागे उरला. आणि इंग्लंडात सामान्य माणसाला, सायकलवर बिऱ्हाड बांधून हिंडण्याची गोडी लावणारा थॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी होता. सायकलस्वारांची राहुट्यांत राहणारी संघटना त्याने १९०१ साली काढली.

तथापि हलक्या छपराविषयी आम्हाला सर्वांत मोलाची गोष्ट कळली ती यांपैकी कोणाकडून नव्हे. ती धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या रस्त्यालगत कळली. त्या भागातील ठेलारी मेंढपाळ पाऊस सरला की मेंढ्या घेऊन गाव सोडतात आणि कित्येक महिने रानोमाळ असतात. त्यांचा संसार घोड्यावर असतो. एका कामासाठी त्या बाजूला गेलो असता वाटेत त्यांचा तळ हलताना पाहिला आणि आम्ही गाडी थांबवली. एका वृद्ध बाईने पाल सोडले, काठ्या एकत्र बांधल्या, कापडाची घडी केली. चहाचा एक पेला संपेपर्यंत घर मोडून झाले होते. ते गाठोडे घोड्याच्या एका अंगाला बसले. मग घोड्याच्या पाठीवर काय चढले? अदल्या दिवशी जन्मलेली दोन कोकरे, चार कोंबड्या, आणि त्यांच्या मधोमध दीड-दोन वर्षांचे एक मूल.

आम्ही त्या आजींना विचारले, "आजी, पाल याहून मोठं का नाही करत? पावसात अडचण होत असेल." त्यांनी आमच्याकडे जरा नवलाने पाहिले आणि म्हणाल्या, "मोठं केलं तर लेकराला कुठं बसवू?"

आम्ही पुढे काही विचारले नाही. ज्याला चालवत नाही त्याला घोड्यावर जागा हवी, म्हणून घर लहान. ही मंडळी हौसेने पालात राहत नाहीत. चाळीसगाव-पारोळ्याकडून ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही कोपीत हौसेने राहत नाहीत. त्यांच्या हालांचे आम्हाला कौतुक करावयाचे नाही. पण ओझे कशासाठी कमी करावयाचे, हे त्यांना आपल्यापेक्षा नीट ठाऊक आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

मग प्रत्यक्ष खरेदी. दुकानदार वजन सांगतो आणि आपण मान डोलावतो. परंतु वजन कशात वाचवले आहे ते पाहावे लागते. कापडाच्या धाग्याचा जाडेपणा डेनिअर या मापाने सांगतात. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. फार बारीक धाग्याचे कापड हातात घेतले तर रेशमासारखे वाटते, पण बाभळीच्या एका काट्याने फाटते. आणि खानदेशात बाभळी किती आहेत ते सांगणे न लगे. नायलॉन अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३५ साली प्रथम तयार झाले आणि त्याने तंबूंचे वजन एकदम उतरवले. मात्र ते पाणी शोषून सैल पडते व कडक उन्हात लवकर झिजते. पॉलिएस्टर त्याहून किंचित जड, पण भिजल्यावर ताण सोडत नाही आणि उन्हाला अधिक दाद देत नाही. आमच्या उन्हाचा विचार करून आम्ही पॉलिएस्टर पसंत केले, अर्थात थोडे वजन पत्करून.

खांबांचेही तसेच. काचतंतूचे खांब स्वस्त, पण जड, आणि मोडले की त्यांच्या चिंध्या होतात व कुसे हातात घुसतात. ॲल्युमिनियमचे खांब महाग, पण हलके. वाकले तरी नळीचा एक तुकडा चढवून वेळ निभावून नेता येते. खांब दोन असावेत, एकमेकांना छेदणारे, म्हणजे तंबू खुंट्यांवाचूनही उभा राहतो. सातपुड्याच्या मुरमाड, खडकाळ जमिनीत खुंटी दोन बोटेही शिरत नाही. तेथे दगडांना दोऱ्या बांधाव्या लागतात. उलट खाली काळ्या मातीत खुंटी लोण्यासारखी शिरते आणि पाऊस झाला की तितक्याच सहज बाहेर येते. जमिनीची तऱ्हा पाहिल्यावाचून तंबूची तऱ्हा ठरवू नये.

तळाचे कापड तंबूला शिवलेलेच असावे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आरंभी ज्या प्राण्याची म्हण सांगितली, तो खानदेशच्या दगडांखाली मुबलक आहे आणि त्याला आपले बिऱ्हाड दुसऱ्याच्या अंथरुणात हलवण्याची खोड आहे. तळ शिवलेला आणि दाराची साखळी ओढलेली असली की विंचू-साप बाहेर राहतात. वजन वाचवण्यासाठी बिनतळाचे तंबूही मिळतात. ज्यांना ते लखलाभ होवोत, त्यांना होवोत. दुसऱ्यांची मुले घेऊन जाणाऱ्याने ते घेऊ नयेत.

तंबूवर 'तीन माणसांचा' असे लिहिलेले असते. ती तीन माणसे एकमेकांना चिकटून, कूस न बदलता झोपणारी असावीत असा ते लिहिणाराचा समज दिसतो. तीन लिहिले असल्यास दोन धरावेत, म्हणजे सामानालाही कोपरा मिळतो. या हिशेबाने आम्हा बारा जणांसाठी, म्हणजे दहा मुले व दोन वडीलधारी, सहा तंबू लागणार होते. दुहेरी कापडाचा, आत जाळी व वर पाणरोधक आच्छादन असलेला, ॲल्युमिनियमच्या खांबांचा एक तंबू नमुन्यादाखल आणला. खांब-खुंट्यांसह तो २.८ किलो भरला.

चर्चच्या अंगणात तो उभा केला तेव्हा अर्धे धर्मग्राम पाहावयास जमले. खजिनदाराच्या आईने कापड चिमटीत धरले आणि म्हणाल्या, "अगं बाई, आमचे पापड याच्यापेक्षा जाड असतात!" परीक्षा घेण्याचे काम आम्ही धर्मग्रामातील एका जुन्या शिंप्याकडे सोपवले, हेच पुढे शिबिरातील दुसरे वडीलधारे झाले. त्यांनी कापडाकडे फारसे पाहिलेच नाही. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी साऱ्या शिवणी बोटांनी चाचपल्या आणि सांगितले, "फादर, पाणी कापडातून येत नाही, सुईच्या भोकातून येतं." कापड किती मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसते, तो आकडा तंबूवर छापलेला असतो. वरच्या आच्छादनाला दीड-दोन हजार मिलिमीटर पुरे होतात, तळाला याहून जास्त लागतात. परंतु शिवणींना आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर तो आकडा निरर्थक ठरतो. आमच्या शिंपीबुवांनी मुलांकरवी वीस बादल्या पाणी ओतवले, आत बसून राहिले आणि कोरडे बाहेर आले. मग म्हणाले, "घ्या."

त्यांना तसे बसलेले पाहताना गुरुविद्यालयातील दिवस आठवले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात संत पौल करिंथ नगरात अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून काम करीत असल्याचे आपण वाचतो. त्यांचा व्यवसाय एकच होता, राहुट्या करण्याचा. पौलांच्या किलिकिया प्रांतात शेळीच्या केसांचे जाडेभरडे कापड विणले जाई. प्रांताच्या नावावरूनच त्याला लॅटिन भाषेत 'चिलिचियुम' म्हणत, आणि तेच नाव पुढे तपस्वी लोक अंगाला टोचावे म्हणून घालीत त्या केसाळ वस्त्राला पडले. ही व्युत्पत्ती आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. परंतु राहुट्या करणारा माणूस दिवसभर प्रत्यक्षात काय करीत असेल, याचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते अंगणात शिवणी चाचपणारा शिंपी पाहिल्यावर. कोणाच्या तरी डोक्यावर पाणी गळू नये म्हणून एकेक टाका तपासणे, हेच ते काम असणार.

सहा तंबूंचे वजन सतरा किलोंच्या आत बसले आणि खर्च तीस हजारांच्या आत. जुन्या राहुटीच्या निम्म्याहूनही हे कमी. पण खरा फरक वजनात नव्हता, वाटणीत होता. पंचेचाळीस किलोंची राहुटी हे एकच गाठोडे होते. ते वाटून घेता येत नव्हते. सहा तंबूंचे कापड, खांब, खुंट्या असे भाग पडले आणि अकरा जणांच्या वाट्याला प्रत्येकी दीड किलो आले. प्रत्येकाच्या दोन किलोंतून अर्धा किलो उरला. अकरा अर्धे साडेपाच किलो. बाराव्याच्या आठ किलोंपैकी तेवढे ओझे मुलांनी आपसांत वाटून घेतले आणि त्याच्या पिशवीत पाण्याची एक बाटली, चादर आणि कपडे एवढेच राहिले. हा हिशेब मुलांनीच केला. आम्ही फक्त बेरीज तपासली.

शिबिर रावेर तालुक्यात झाले. त्या बाजूचे यावल अभयारण्य १९६९ पासूनचे आहे आणि त्यात वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्काम करता येत नाही. म्हणून आम्ही हद्दीबाहेर, एका पावरा शेतकऱ्याच्या पडीक शेतात, त्याची संमती घेऊन उतरलो. त्यानेच नाल्याच्या पात्रापासून दूर, वाऱ्याकडे पाठ येईल अशी जागा दाखवली. पहिल्या दिवशी निम्मी वाट, दुसऱ्या दिवशी उरलेली. कोणी कोणाची वाट पाहत थांबला आहे असे न वाटता सगळे एका चालीने चालले. संध्याकाळी चार वाजता आम्ही सारे वरच्या सपाटीवर होतो. बारा जण. दर वर्षी खाली राहणारा मुलगा दगडावर बसून बराच वेळ खालच्या केळीच्या बागांकडे पाहत होता. त्याला कोणी काही विचारले नाही, हे मुलांचे शहाणपण.

त्या रात्री थंडी बरीच होती. एका तंबूतील दोघांनी सारी झरोकेदारे घट्ट लावून घेतली आणि सकाळी तक्रार आली की तंबू गळतो. तंबू गळत नव्हता. झोपेतही माणसाच्या श्वासातून व अंगातून वाफ बाहेर पडत असते. तिला वाट मिळाली नाही तर थंड कापडावर तिचे थेंब होतात. जुन्या सुती राहुटीला हा दोष नव्हता. हलक्या कापडाला तो आहे, म्हणून थंडीतही झरोका उघडा ठेवावा. आणखी एक गोष्ट पालकांनी मुलांना बजावून सांगावी. या कापडाला आगीची धग सोसत नाही. ते वितळते आणि अंगाला चिकटते. तंबूत मेणबत्ती, स्टोव्ह वा शेगडी कदापि नेऊ नये. बंद तंबूत कोळशाची शेगडी ठेवल्यास जो विषारी वायू साठतो त्याला वास नसतो, आणि झोपलेल्याला जाग येत नाही. थंडी वाजली तर आणखी एक घोंगडी घ्यावी, शेगडी नको.

प्रत्येक तंबूच्या बारा खुंट्या, सहा तंबूंच्या बहात्तर. तळ हलवताना त्या मोजून घेण्याचे काम वर आलेल्या त्या मुलाने आपणहून अंगावर घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाहत्तरच भरल्या, तेव्हा त्याने कोणालाही निघू दिले नाही. बहात्तरावी गवतात सापडली आणि मगच आम्ही वाटेला लागलो.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुले तंबूसाठी हट्ट धरीत असतील. घ्यावयाचा झाल्यास वर सांगितलेल्या गोष्टी पारखून घ्यावा. केवळ हलका आहे म्हणून घेऊ नये आणि केवळ स्वस्त आहे म्हणूनही घेऊ नये. आमच्याकडच्या मे महिन्यात तर कोणताच तंबू दिवसा कामाचा नाही. तेव्हा आंब्याची किंवा कडुनिंबाची सावली धरावी. आणि ज्यांना विकत घेणे परवडत नाही त्यांनी संकोच करू नये. आमचे सहाही तंबू चर्चच्या कपाटात कोरडे ठेवलेले आहेत. मुलींच्या शिबिरासाठी सिस्टर तेच नेतात, आणि शेजारच्या धर्मग्रामाने मागितले तरी आम्ही देतो. भाडे काही नाही. अट एवढीच की परत आणताना ते उन्हात वाळवून आणावेत आणि बहात्तर खुंट्या मोजून द्याव्यात. मोजून घेणारा मुलगा रविवारी मिस्सेनंतर कपाटापाशी असतो.